नागोबाचे बावीस टाके

संपादकांचं पत्र आलं. यंदाच्या दिवाळी अंकात ‘लोप पावलेल्या कला’ असा विभाग आहे आणि त्यात मी माझ्या कलेविषयी हळुवारपणे लिहावं, असं त्यात होतं. ‘कला’ या शब्दाला माझी हरकत आहे. मी फुटलेल्या चिनी मातीच्या भांड्यांना तारेचे टाके घालत असे आणि त्यावर पोट भरत असे. ‘हळुवार’ला तर दुप्पट हरकत. हिरकणीच्या, म्हणजे हिऱ्याच्या कणीच्या, टोकानं चिनी मातीत भोक पाडताना जी किरकिर होते, तिला कंटाळून माझ्या शेजारच्या शिंप्यानं दुकान बदललं होतं.

धंदा बुडाला याचं सुतक मी धरलेलं नाही. कप स्वस्त झाले, फुटका कप फेकणं लोकांना परवडू लागलं, संपलं. पण टाका घातलेलं भांडं दिसलं की घराची अब्रू गेली, असं मानणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. म्हातारपणी ते मिटवावं असं मला वाटत नाही.

मी वाईच्या भिक्षुकाच्या घरात जन्मलो. मंत्र पाठ झाले, मग वाचनाचं वेड लागलं आणि वाचनानं मंत्रांवरचा विश्वास घालवला. वडील म्हणाले, “मग खाणार काय?” प्रश्न रास्त होता. उत्तर मला मिरजेत सापडलं. तिथं करीमचाचा सतारीच्या भोपळ्यांना गेलेल्या चिरा सांधत आणि हात रिकामा असला की कपबश्या. त्यांच्याकडे चार वर्षं बसलो. ही बातमी वाईला पोचल्यावर घरून आलेल्या पत्रात माझ्या नावाआधीचं ‘चिरंजीव’ गळालं होतं. पुढे सांगलीत घाटाकडे उतरणाऱ्या बोळात मी दुकान मांडलं आणि गाव मला टाकेभट म्हणू लागलं. वडिलांना आलेल्या सगळ्या दक्षिणांपेक्षा मला ही पदवी मोठी वाटते.

काम असं. तुकडे जुळवून दोऱ्यानं आवळायचे. तड्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक भोक पाडायचं. भोक आरपार जाता कामा नये, भांड्याच्या निम्म्या जाडीवर हात थांबला पाहिजे. ते डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं. मग पितळी तारेचा तुकडा दोन्ही टोकांना वाकवून, दोन भोकांमधल्या अंतरापेक्षा केसभर तोकडा ठेवायचा आणि ताणून बसवायचा. तो तोकडा असतो म्हणूनच ओढून धरतो. शेवटी फटीत लुकण भरायचं. करीमचाचांचं लुकण म्हणजे चुन्याची वस्त्रगाळ पूड आणि अंड्याचा पांढरा बलक. एकदा सुकलं की पाणी त्याच्यापुढे हात टेकतं.

टाका बाहेरून दिसतो. दिसणारच. लपवता येत नाही, आणि ज्यांना लपवायचा असे त्यांना मी सरसवाल्याकडे पाठवत असे. आमच्या बाजूच्या एका चिमुकल्या संस्थानाचे कारभारी एकदा सूप वाढायचं भलं मोठं भांडं घेऊन आले. कुणी बडा गोरा साहेब जेवायला यायचा होता. कारभाऱ्यांचा फेटा दुकानाच्या चौकटीत मावत नव्हता, म्हणून ते बाहेरूनच बोलत होते. “टाका दिसता कामा नये. महाराजांच्या इभ्रतीचा प्रश्न आहे.” मी म्हटलं, “मग इभ्रत सरसानं चिकटवा.” त्यांनी खरोखरच दुसरीकडे जाऊन चिकटवली. सूप ऊन होतं. सरस वितळला आणि साहेबाच्या मांडीवर संस्थानाची निष्ठा सांडली. हे मला त्यांच्या आचाऱ्यानं सांगितलं, त्यामुळे त्यात मीठमसाला असेल. मी तो काढून टाकलेला नाही.

पण मला सांगायचं आहे ते हिरव्या भांड्याचं.

सिंगापूर पडलं त्यानंतरचा दुसरा श्रावण. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून दोन बायका उतरल्या आणि विचारत विचारत बोळात आल्या. पुढे तानुबाई, साठीची, सरळ काठीसारखी. मागे तिची सून हौसा, डोक्यावर पाटी. पाटीत भुसा आणि भुशात फडक्यात गुंडाळलेले तीन तुकडे. शिराळ्याच्या अलीकडचं त्यांचं गाव.

“भटजी, तुमीच का ते फुटकं शिवनारं?”

“मीच. बसा.”

फडकं सोडलं आणि मी एकेक तुकडा उजेडाकडे धरून पाहिला. जुळवलं असतं तर हातभर उंचीचं भांडं झालं असतं, बारीक मानेचं, भरल्या खांद्याचं. रंग हिरवा, पण आमच्या बाजारातल्या बरण्यांचा भडक हिरवा नव्हे. डोहातल्या पाण्याला काठच्या झाडीमुळे येतो तसा. अंगाला वेढा घालून एक प्राणी कोरलेला होता. कोरलेल्या रेघांत झिलई साचून तिथं हिरवा गडद झाला होता, त्यामुळे तो पाण्याखालून हलतो आहे असं वाटे. मिशा, आयाळ, खवले, चार पाय, पायांना नख्या. पुस्तकातल्या चित्रांमुळे मला तो ओळखता आला.

“बाई, हा चिनी लोकांचा ड्रॅगन. हे फुलदाणीसारखं भांडं आहे, चीनमधलं. फार जुनं असावं.”

“आमचा नागोबा हाय त्यो,” तानुबाई म्हणाली.

“नागाला पाय नसतात.”

“सापाचं पाय सापालाच दिसत्यात, भटजी. त्या चिनी कुंभाराला बी दिसलं आसत्याल.”

हे भांडं तुमच्याकडे आलं कसं, ते मी विचारलं.

तिचा नवरा तरुणपणी पलटणीबरोबर चीनच्या लढाईला गेला होता. येताना कांबळ्यात गुंडाळून हे भांडं घेऊन आला. बक्षीस मिळालं, असं तो सांगे. लढाईत शिपायाला कुणी फुलदाणी बक्षीस देत नाही, असं मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

“न्हाई दिली, तर घेतली आसंल,” तानुबाई शांतपणे म्हणाली. “त्येनं मरताना मला सांगितलं, त्या घरात इचाराया कुनी उरलं न्हवतं. म्हनून तर म्या ते फुलं ठेवाया न्हाई वापरलं. देव केलं. कुनाचं तरी हाय ते, हात जोडून ठेवावं.”

दर नागपंचमीला ते भांडं अंगणात पाटावर मांडत, काठोकाठ पाणी भरून वर दुधाची धार सोडत. गावातल्या बायका लाह्या वाहत, संध्याकाळपर्यंत फेर धरत आणि दिवस मावळताना देव पाण्यासकट घरात नेत. हे चाळीस वर्षं चालू होतं. यंदा सणाच्या आठ दिवस आधी घासायला काढलं आणि भांडं गेलं.

मी तुकड्यांच्या कडा पाहिल्या. पडून फुटलेल्या भांड्याला जिथं मार बसतो तिथं शिंपल्यासारखी टवका उडालेली जागा असते. इथं ती नव्हती. तडा बुडाजवळ आतून सुरू होऊन वर चढला होता.

“हे पडलेलं नाही. ऊन पाणी ओतलं कुणी?”

हौसानं मान खाली घातली. तानुबाई सुनेकडे न बघता म्हणाली, “हिच्या हातनं झालं.” मला तेव्हा एवढंच कळलं की हे वाक्य तिनं वाटेत बऱ्याचदा पाठ केलं होतं.

मग बाकीचं हळूहळू बाहेर आलं. तानुबाईचा एकुलता एक मुलगा, हौसाचा नवरा रामू, मलायात लढायला गेला होता आणि सिंगापूर पडल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. सरकारी कागदात ‘बेपत्ता’ एवढाच शब्द. (तो पुढे परतला का, हे शेवटापर्यंत झुलवत ठेवणं मला जमत नाही. नाही परतला.) तानुबाईचा धाकटा दीर बापूराव, सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालेला, घरचा कर्ता झाला होता. देव भंगला हे कळताच त्यानं चावडीसमोर जाहीर केलं की खंडित मूर्ती घरात ठेवायची नसते, ती नदीत सोडायची. आणि जिच्या पायगुणानं पुतण्या गेला आणि आता देवही गेला, ती सून जतकडे तिच्या माहेरी पाठवायची. सून गेली की रामूच्या वाटणीचा विहिरीचा मळा कुणाच्या हाती जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. हौसाच्या माहेरी पाऊस नव्हता, आई नव्हती आणि भावाच्या बायकोला तिचं तोंड नको होतं.

तानुबाई मात्र अडून बसली होती. ती दिराला म्हणाली होती, ही मूर्ती न्हवं, भांडं हाय, आन् भांडं सांधता येतं. चावडीवर हसले. तेव्हा सुभेदारानं ऐटीत हुकूम सोडला: पंचमीला भांडं काठोकाठ भरून दिवसभर ठेवा. थेंब गळला नाही तर देव अखंड, सून घरात. गळला, तर दोघंही वाटेला.

“गळंल का वो, भटजी?” हौसा त्या दिवशी एवढंच बोलली.

“माझा टाका गळत नाही,” मी म्हणालो. असली वाक्यं बोलून गेल्यावर झोप लागत नाही.

हातात पाच दिवस होते. दोघी तेवढे दिवस घाटावरच्या धर्मशाळेत उतरल्या आणि रोज दुकानात येऊन बसत. पंचमीला काही चिरायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही, जमिनीत कुदळ मारायची नाही, असा आमच्याकडे दंडक. नागाला इजा होईल म्हणून. म्हणजे त्या दिवशी जाऊन एखादं भोक नव्यानं पाडेन, ही पळवाटसुद्धा बंद. शिवाय ती माती मी कधी न पाहिलेली. झिलई जाड आणि काचेसारखी कठीण, आतली माती दगडासारखी. एका भोकाला एरवी लागतो त्याच्या चौपट वेळ लागत होता. हिरकणीचं एक टोक गेलं, दुसरं मिरजेहून आणवलं. प्राण्याच्या डोळ्यावरून तडा गेला होता. तिथं टाका घातला असता तर पकड चांगली मिळाली असती. मी तो घातला नाही, खाली गळ्यावर दोन जादा घातले. मी नास्तिक माणूस, पण कुणाच्या डोळ्यात भोक पाडायचं नाही एवढा धर्म मी पाळतो. एकूण बावीस टाके झाले.

राहिलं लुकण. श्रावणात, देवाच्या भांड्यात, अंडं. मी आधी चुना आणि बेलफळाचा डिंक कालवून पाहिला. महादेवाच्या झाडाचा डिंक, कुणाची हरकत नसती. एका जुन्या बरणीवर लावून पाणी भरलं. रात्र काढली, सकाळी घाम फुटल्यासारखी ओल. मग मी पिठाच्या गिरणीमागच्या घरातून दोन अंडी आणली. बायकांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, असं मी स्वतःला समजावलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी भांडं मांडीवर घेऊन मी स्वतः दोघींबरोबर त्यांच्या गावी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण शेणानं सारवलेलं, पाटावर कोरड्या तांदळाच्या पिठाचा थर, म्हणजे थेंब पडला तर खूण उठेल. ही अक्कल सुभेदाराची. तो स्वतः खुर्ची टाकून समोर बसला होता, अंगात लोकरी कोट, कोटावर पदकं. श्रावणातल्या दमट उकाड्यात तो कोट घालणं हेच त्याच्या शौर्याचं खरं काम असावं. हौसानं कळशी वाकवून भांडं काठोकाठ भरलं. बावीस टाके उन्हात चमकले.

“देवाला वाघुरीच्या जाळ्यात धरल्यावानी दिसतंय,” सुभेदार म्हणाला.

“तुमच्या कोटावरबी तसंच हाय की पितळ,” गर्दीतनं एक म्हातारी बोलली आणि बायका पदरात हसल्या.

दुपारी भांड्याच्या पोटावर ओलसर थेंब दिसू लागले. सुभेदार ताडकन उठला. “लीक! गळतंय! रिपोट खतम!” मी वाकून पाहिलं. थेंब जिथं तडा नव्हता तिथंही होते. विहिरीचं गार पाणी, बाहेर दमट हवा. माठालाही असे थेंब येतात. मी सुभेदाराच्या हातातला पाण्याचा पितळी तांब्या घेतला आणि तळाशी बोट फिरवून त्याला दाखवलं. “हाही गळतो का, सुभेदारसाहेब?” तांब्या ओला होता. तो बसला. पीठ संध्याकाळपर्यंत कोरडं राहिलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं.

दिवस कलला तसा सुभेदार माझ्याकडे वळला. “बरं भटजी, फटीत भरलंय काय? सरस न्हवं न्हवं? सरस म्हंजी कातड्याचं. देवाला कातडं लावलं आसंल तर…”

“सरस नाही,” एवढं म्हटलं असतं तर ते खरंही होतं आणि पुरेसंही. पण सरसाचं नाव ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी अभिमानानं म्हणालो, “सरस मी हातात धरत नाही. चुना आणि अंड्याचा पांढरा बलक. करीमचाचांची कृती.”

अंगणातला फेर थांबला. मी काय केलं ते मला हौसाच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. खरं बोलण्याची मिजास मला होती. तिची किंमत ती बाई भरणार होती. आयुष्यात मी भांडी पुष्कळ सांधली, पण तो एक क्षण परत हातात घेऊन दुरुस्त करावा असं मला आजही वाटतं.

“अंडं!” सुभेदार खुर्चीवरून उठून पाटाजवळ आला. त्याचा आवाज आता पलटणीतला होता. “सरावनात! देवाच्या अंगात! बाटला! खंडित परीस वंगाळ! उचला, आत्ताच्या आत्ता नदीला…”

“आवं भावजी,” तानुबाई म्हणाली. ती भिंतीला टेकून बसली होती, उठली नाही. “नागोबा काय खातो वो?”

“आँ?”

“आपल्या खुराड्यात शिरतो तवा काय खातो? वरीचा भात? काल त्येनं माझी तीन अंडी खाल्ली. सरावन हाय म्हनून इचाराया आला न्हवता.”

गर्दीतली ती मघाची म्हातारी आधी हसली, तिच्यामागून सगळं अंगण. लाह्या उडाल्या. सुभेदाराची पदकं तेवढी गंभीर राहिली. त्यानं हसू ओसरेपर्यंत वाट पाहिली, शिपाई होता तो, आणि मग बोट हौसाकडे केलं.

“हसा. पर फोडला कुनी? देव सांधला, पर हात त्योच हाय. जिनं फोडला ती या घरात ऱ्हानार न्हाई.”

आता कुणी हसलं नाही. तानुबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. सुनेकडे गेली नाही, दिराकडेही नाही. अंगणाच्या मधोमध उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी.

“ऊन पानी घाल म्हनून म्या सांगितलं. ती नगं म्हनत व्हती. आत्ती, चिनी हाय, तडकंल, म्हनली. म्या वरडले तिच्यावर. म्हनून तिनं वतलं. आन् आठ दीस झालं, तोंड दाबून बसले मी. तुमच्या भ्यानं. गावाच्या भ्यानं.” तिचा आवाज एकदाच फाटला. “फोडला म्या. आता धाडा मला म्हायेरी, भावजी. माझं म्हायेर मागं म्हापुरात बुडालं ते तुमास्नी ठावं हाय का? तिथं आता नदीचं पात्र हाय. तिथं सोडा. देवाच्या जागी मला सोडा.”

साठीच्या भावजयीला नदीत सोडायचा हुकूम सुभेदाराच्या कुठल्याच कवायतीत नव्हता. तो पाटाजवळ तसाच उभा होता, ना पुढे ना मागे, आणि मावळतीचं ऊन कोटावर पडून घाम त्याच्या हनुवटीवरून त्या पिठावर टपकला. दिवसभरात त्या पाटावर पडलेला पहिला थेंब तो.

हौसा पुढे आली. पदर खोचला, डोक्यावरून सारखा केला. पाच दिवसांत मी तिला कुणाच्या डोळ्यांत बघताना पाहिलं नव्हतं. आता तिनं सासऱ्याच्या मानाच्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं.

“मामंजी, जरा सरा तिकडं,” ती म्हणाली. “दिवस मावळला. मला माजा देव घरात न्यायचाय.”

तो सरला. तिनं काठोकाठ भरलेलं ते भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि उंबरा ओलांडून आत नेलं. पाणी हललं नाही.